मुलांची माहिती शाळेतून चोरीला जाते तेव्हा: अमेरिकेतील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील मराठी मंडळांच्या कार्यकारिणी आणि मराठी शाळांचे संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल कंपनीच्या यंत्रणेतून कोट्यवधी विद्यार्थ्यांची माहिती चोरीला गेली आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी वा ईमेलवर त्यासंबंधीच्या सूचना आल्या. अशा सूचनापत्रांत सहसा दिलगिरी असते, एक दूरध्वनी क्रमांक असतो आणि दोन वर्षांच्या मोफत ओळखसंरक्षण सेवेचा देकार असतो. कायद्याने आपल्याला काय करता येते, कोणाविरुद्ध करता येते आणि किती दिवसांत करावे लागते, हे त्यांत नसते. ते नसणे स्वाभाविकही आहे, कारण ज्याच्यावर दावा होऊ शकतो तोच हे पत्र लिहीत असतो.

मी वकील नाही. माहितीच्या सुरक्षेच्या क्षेत्रात नोकरी करणारी आणि सार्वजनिक शाळेत मुले घालणारी एक पालक, एवढ्याच नात्याने मी लिहिते आहे; तेव्हा हे पत्र सल्ला म्हणून नव्हे, तर वकिलाकडे जाण्यापूर्वीची तयारी म्हणून वाचावे. माझे म्हणणे असे आहे की, मुलाच्या माहितीच्या चोरीचे नुकसान बहुधा ते मूल अठरा वर्षांचे होऊन पहिले कर्ज किंवा पहिले क्रेडिट कार्ड मागते तेव्हा उघड होते, मात्र सार्वजनिक शाळेविरुद्ध दाद मागण्याची मुदत काही राज्यांत ९० दिवसांतच संपते. मधल्या वर्षांत कागद जपायला आणि मुदतींची आठवण करून द्यायला कोणीतरी हवे. ते काम मंडळांनी अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम घडले काय ते पाहू. पॉवरस्कूल ही कॅलिफोर्नियातील फोल्सम येथील कंपनी. विद्यार्थ्यांची हजेरी, गुण, पत्ते, पालकांचे दूरध्वनी आणि ॲलर्जीसारख्या आरोग्याच्या नोंदी ज्या प्रणालींमध्ये अमेरिकेतील आणि कॅनडातील शाळा ठेवतात, त्यांतील सर्वांत मोठ्या प्रणालींपैकी एक तिची आहे. चोरलेल्या लॉगिनच्या आधारे तिच्या ग्राहकसेवा पोर्टलमध्ये शिरकाव झाला आणि देखभालीसाठी ठेवलेल्या साधनातून विद्यार्थ्यांचे व शिक्षकांचे तक्ते उतरवून घेतले गेले. पासवर्डखेरीज दुसरी कोणतीही पडताळणी त्या पोर्टलवर सक्तीची नव्हती. माझ्या व्यवसायातील कोणालाही ही एवढी एकच गोष्ट निष्काळजीपणा म्हणून पुरेशी वाटेल. कंपनीला २८ डिसेंबरला चोरी कळली आणि शाळांना तिने ७ जानेवारी २०२५ रोजी कळवले. सुमारे ६ कोटी २४ लाख विद्यार्थी आणि ९५ लाख शिक्षक यांची माहिती आपल्याकडे असल्याचा चोराचा दावा होता. कंपनीने खंडणी भरली, माहिती नष्ट केल्याचे दाखवणारा व्हिडिओही तिला मिळाला, आणि तरीही मे २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलिना व टोरांटो येथील शाळांना त्याच माहितीच्या जोरावर नव्याने धमक्या आल्या. पुढे मॅसॅच्युसेट्समधील १९ वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने गुन्हा कबूल केला व ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला चार वर्षांची कैद झाली. गुन्हेगार सापडला म्हणजे विषय संपला असे अनेकांना वाटते. पण फौजदारी खटल्यात चोराचा अपराध ठरतो, ज्यांच्याकडे आपण माहिती विश्वासाने सोपवली त्यांनी ती नीट सांभाळली की नाही, हे ठरत नाही. त्यासाठी दिवाणी मार्गच धरावा लागतो.

त्या मार्गावर प्रतिवादी दोन असू शकतात, स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणारी संस्था) आणि कंपनी, आणि दोघांचे नियम अगदी वेगळे आहेत. पालकांचा राग साहजिकच प्रथम डिस्ट्रिक्टवर जातो. परंतु डिस्ट्रिक्ट ही सरकारी संस्था आहे आणि तिला राज्याच्या कायद्याने दाव्यांपासून कमी-अधिक संरक्षण असते. टेक्सासमध्ये हे संरक्षण इतके भक्कम आहे की निष्काळजीपणाबद्दल डिस्ट्रिक्टवर दावा चालतो तो मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या हानीपुरताच. फ्रिस्को किंवा प्लेनो येथील पालकाने शाळेच्या सर्व्हरबद्दल तसा दावा केला, तर तो पहिल्या पायरीवरच अडण्याची शक्यता मोठी. इतर अनेक राज्यांत दावा करता येतो, पण त्याआधी ठरावीक नमुन्यात लेखी सूचना द्यावी लागते, जिला नोटीस ऑफ क्लेम म्हणतात. न्यू जर्सीत ती ९० दिवसांत द्यावी लागते आणि त्यानंतर दाव्यासाठी सहा महिने थांबावे लागते. न्यू यॉर्कमध्येही मुदत साधारण तेवढीच आहे. कॅलिफोर्नियात शारीरिक इजा किंवा जंगम मालमत्तेची हानी यांसाठी सहा महिने आणि इतर बऱ्याच दाव्यांसाठी एक वर्ष आहे. ही सूचना म्हणजे खटला नव्हे, तिला न्यायालयाचे शुल्क लागत नाही, आणि ती दिल्याने खटला भरणे बंधनकारकही होत नाही. मात्र ती दिली नाही तर पुढचे दार बहुतेक वेळा बंद होते. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, चोरी झाली तेव्हापासून की पत्र हाती पडले तेव्हापासून, हा वादाचा मुद्दा असतो, म्हणून पत्र ज्या पाकिटातून आले ते पाकीट पोस्टाच्या शिक्क्यासकट ठेवावे.

मूल अल्पवयीन असल्यामुळे मुदत आपोआप थांबते, असा एक दिलासा लोक एकमेकांना देतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. न्यू जर्सीत अल्पवयीनाला सज्ञान झाल्यावर दाद मागण्याची वाट मोकळी राहते. कॅलिफोर्नियात मूळ मुदत टळून गेली तरी, त्या संपूर्ण काळात दावेदार अल्पवयीन असेल, तर एक वर्षाच्या आत उशिराच्या सूचनेची परवानगी मागता येते. न्यू यॉर्कमध्ये अल्पवय ही न्यायालयाने लक्षात घ्यायची एक बाब आहे, हमी नाही. शिवाय पालकाने स्वतः सोसलेला खर्च आणि घालवलेला वेळ हा पालकाचा दावा असतो, त्याला मुलाच्या वयाची सवलत मिळत नाही. जोडप्यातील एकजण शिक्षक असेल आणि त्याची माहिती कर्मचारी म्हणून गेली असेल, तर त्यालाही ती मिळत नाही.

येथे फर्पा या कायद्याविषयीचा गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण पालकांच्या चर्चेत सर्वप्रथम त्याचेच नाव निघते. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींचे संरक्षण करणारा हा १९७४ चा केंद्रीय कायदा पालकाला न्यायालयात जाण्याचा हक्क देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये गोन्झागा विद्यापीठाच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. फर्पाखाली तक्रार करायची ती केंद्रीय शिक्षण खात्याच्या विद्यार्थी गोपनीयता कार्यालयाकडे, तीही १८० दिवसांत, आणि तिच्यातून पालकाला भरपाई मिळत नाही. तरीही फर्पातील एक तरतूद फार कामाची आहे व ती कमी वापरली जाते. आपल्या मुलाची नोंद पाहण्याची लेखी मागणी केल्यास शाळेला ४५ दिवसांच्या आत ती दाखवावी लागते. सूचनापत्रात ‘काही विद्यार्थ्यांची काही माहिती’ अशी गुळमुळीत भाषा असते, तेव्हा शाळेकडे आपल्या मुलाविषयी नेमके काय काय होते हे या मागणीतून कळते, आणि गेले काय याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.

कंपनीला सरकारी संरक्षण नसते, आणि म्हणून खरी लढाई बहुधा तिच्याशी होते. पॉवरस्कूलविरुद्ध देशभर दाखल झालेले दावे कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील केंद्रीय न्यायालयात एकत्र आणण्यात आले. निष्काळजीपणा, कराराचा भंग आणि ग्राहकहिताच्या कायद्यांचा भंग हे अशा दाव्यांचे नेहमीचे आधार असतात. कॅलिफोर्नियाच्या ग्राहक गोपनीयता कायद्यात नुकसान सिद्ध न करताही माणशी १०० ते ७५० डॉलर भरपाईची मूळ तरतूद आहे, पण ती व्यावसायिक कंपन्यांना लागू होते, डिस्ट्रिक्टला नाही; आणि शाळेसाठी माहिती हाताळणारी कंपनी त्या व्याख्येत बसते की नाही, यावर वकील हटकून भांडतात.

या दाव्यांतील सर्वांत कठीण प्रश्न नुकसानीचा आहे. लोकांच्या कर्जनोंदी ठेवणाऱ्या ट्रान्सयुनियन या कंपनीवरील ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे म्हटले की, भविष्यात नुकसान होऊ शकेल एवढ्यावरून केंद्रीय न्यायालयात भरपाई मागता येत नाही, प्रत्यक्ष हानी दाखवावी लागते. त्या खटल्यातील ८,१८५ जणांपैकी ज्या १,८५३ जणांची चुकीची माहिती त्रयस्थांकडे पोचली होती, तेवढ्यांचाच मुख्य दावा टिकला. ज्यांची चुकीची नोंद कंपनीच्या फायलीतच पडून राहिली, त्यांचा टिकला नाही. माहितीचोरीच्या प्रकरणांत हे सूत्र कसे लावायचे याबद्दल केंद्रीय अपील न्यायालयांचा कल एकसारखा नाही. माहिती हेतुपुरस्सर चोरली गेली आणि ती गुप्त बाजारात दिसली, तर काही न्यायालये दावा पुढे जाऊ देतात, काही अधिक पुरावा मागतात. राज्यांच्या न्यायालयांना हा नियम जसाच्या तसा लागू नाही. दहा वर्षांच्या मुलाला कोणी कर्ज देत नाही, त्याच्या नावावर कर्जाची कोणतीच नोंद नसते, आणि म्हणूनच त्याचा कोरा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे ज्यावर कर्ज काढता येते तो सरकारी ओळख क्रमांक, चोराला मोलाचा वाटतो. नुकसान उशिरा कळते ते यामुळेच, आणि ‘नुकसान दाखवा’ हा नियम मुलांना सर्वांत जड जातो तोही यामुळेच. हा नियम मला न्याय्य वाटत नाही, परंतु तो आज आहे आणि त्याला धरूनच तयारी केली पाहिजे.

याहून वेगळी, आणि माझ्या मते अधिक गंभीर, स्थिती त्या मुलांची असते ज्यांच्या क्रमांकांपेक्षा अधिक खासगी कागद बाहेर पडतात. लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टवर सप्टेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला, डिस्ट्रिक्टने खंडणी नाकारली, आणि टोळीने सुमारे ५०० गिगाबाइट माहिती उघड केली. विद्यार्थ्यांचे मानसशास्त्रीय मूल्यमापन त्यात असल्याचा पुरावा नाही, असे अधिकाऱ्यांनी सुरुवातीला सांगितले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे २,००० विद्यार्थ्यांचे तसे अहवाल त्यात असल्याचे मान्य करावे लागले. मिनियापोलिसमध्ये २०२३ मध्ये दहा लाख डॉलरची मागणी पूर्ण झाली नाही, तेव्हा लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींसह अत्यंत नाजूक कागद उघड करण्यात आले, आणि एक लाखाहून अधिक लोकांना सूचना गेली ती सप्टेंबरमध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने. क्रमांकावरचे क्रेडिट गोठवता येते, समुपदेशकाने लिहिलेला अहवाल गोठवता येत नाही. कायद्याच्या भाषेत मात्र अशा कुटुंबांची बाजू काहीशी बळकट असते, कारण खासगी गोष्ट जगजाहीर होणे ही हानी न्यायालये पूर्वापार ओळखतात आणि तिला भविष्यातील शक्यता म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्यांच्या मुलाला विशेष शिक्षणाचा आराखडा आहे, जे मूल समुपदेशकाकडे जाते, ज्याच्या घरात ताब्याचा किंवा संरक्षणाचा न्यायालयीन आदेश आहे, अशा पालकांनी सामूहिक दाव्यात मुकाट्याने सामील राहण्याआधी स्वतंत्र वकील गाठावा. आपल्या समाजात या विषयांवर बोलण्याचा संकोच फार आहे, आणि नेमक्या याच घरांतून कोणी मंडळात येऊन विचारणार नाही. माहिती त्यांच्यापर्यंत न विचारता पोचली पाहिजे.

सामूहिक दावा, म्हणजे क्लास ॲक्शन, यात पालकाला बहुधा काहीच करावे लागत नाही आणि त्यामुळे त्यात दोन धोके राहतात. नुकसानभरपाईच्या अशा दाव्याच्या व्याख्येत बसणारा प्रत्येकजण बाहेर पडला नाही तर आतच धरला जातो, म्हणजे तडजोड मंजूर झाली की त्याचा स्वतंत्र दाव्याचा हक्क संपतो. दुसरे असे की, तडजोडीचे पैसे बहुतेक वेळा मागितल्याशिवाय मिळत नाहीत. दावाअर्ज मुदतीत भरावा लागतो, आणि पावत्या असतील तर मिळणारी रक्कम व नसतील तर मिळणारी रक्कम यांत मोठा फरक असतो. वकिलाची फी भरपाईच्या रकमेतून, न्यायालयाच्या मंजुरीने जाते. अर्ज भरण्यासाठी कोणी आगाऊ पैसे किंवा मुलाचा संपूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर फोनवर मागू लागले, तर ती दुसरी चोरी समजावी.

राज्याचे महाधिवक्ते, म्हणजे ॲटर्नी जनरल, हा तिसरा मार्ग. टेक्सासच्या महाधिवक्त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये पॉवरस्कूलवर खटला भरला. त्या राज्यातील ८ लाख ८० हजारांहून अधिक विद्यार्थी आणि शिक्षकांची माहिती गेल्याचे त्यात म्हटले आहे. जेथे डिस्ट्रिक्टवर दावाच चालत नाही, तेथे हा मार्ग किती मोलाचा आहे ते वेगळे सांगायला नको. इल्युमिनेट एज्युकेशन या शाळांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे लॉगिन चालू राहिले होते, त्यातून चोर आत आले. त्या कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आणि कनेटिकट या तीन राज्यांशी ५१ लाख डॉलरची तडजोड केली. असे पैसे राज्यांकडे जातात, घरोघरी वाटले जात नाहीत, पण कंपनीला सुरक्षेच्या अटी मान्य कराव्या लागतात. महाधिवक्त्यांच्या कार्यालयात ऑनलाइन तक्रार करायला खर्च नाही, आणि अशा तक्रारींची संख्या पाहूनही प्रकरण हाती घ्यायचे की नाही हे ठरत असते. न्यू यॉर्कमध्ये शिक्षण कायद्याच्या २-डी कलमानुसार डिस्ट्रिक्टने चोरी कळल्यापासून ६० दिवसांत आणि कंत्राटदाराने डिस्ट्रिक्टला सात दिवसांत कळवले पाहिजे. इलिनॉयमध्ये शाळेला ३० दिवसांची मर्यादा आहे. शिकागोच्या सार्वजनिक शाळांतील सुमारे ४ लाख ९५ हजार विद्यार्थ्यांची माहिती ज्या कंत्राटदार संस्थेकडून डिसेंबर २०२१ मध्ये गेली, तिने डिस्ट्रिक्टला कळवायला एप्रिल २०२२ ची अखेर गाठली, आणि तत्काळ कळवण्याची अट करारात होती. हे करार सार्वजनिक दस्तऐवज असतात. माहितीच्या अधिकाराच्या धर्तीवरील राज्याच्या कायद्याखाली कोणताही रहिवासी ते मागू शकतो, आणि नागरिकत्वाची अट बहुतेक ठिकाणी आड येत नाही.

आता खास आपल्या लोकांविषयी, कारण हे कोणत्याही इंग्रजी सूचनापत्रात सापडणार नाही. एच-४, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरील पालकावर अवलंबून असलेल्यांच्या, व्हिसावर आलेल्या मुलाला सहसा सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, त्यामुळे ‘आमचे काय जाणार’ असे त्याचे पालक म्हणतात. परंतु शाळेत नाव घालताना आपण पासपोर्टची, जन्मदाखल्याची, घरभाड्याच्या कराराची प्रत दिलेली असते, आणि ती प्रत आजही कोणत्या तरी सर्व्हरवर असू शकते. भरपाई मागणे हा व्हिसाच्या अटींचा भंग नाही, आणि दिवाणी न्यायालयाचे दार ग्रीन कार्ड नसलेल्यालाही उघडे असते. या भीतीपोटी गप्प बसलेल्यांना एखाद्या इमिग्रेशन वकिलाने भर सभेत हे सांगितले, तर बराच उपयोग होईल.

सर्वांत दुर्लक्षित आहेत ती पुण्याला, ठाण्याला किंवा नाशिकला परत गेलेली कुटुंबे. त्यांच्या इथे जन्मलेल्या मुलांना क्रमांक आहे, त्यांची नोंद जुन्या डिस्ट्रिक्टकडे आहे, आणि शाळा सोडून गेलेल्यांची माहितीही या चोऱ्यांत जाते. आणि सूचनापत्र मात्र एडिसनच्या किंवा फ्रीमाँटच्या जुन्या पत्त्यावर नव्या भाडेकरूच्या हाती पडते. ते मूल अठराव्या वर्षी पदवीसाठी परत येईल तेव्हा सामूहिक दाव्याची तडजोड होऊन, पैसे वाटून, फाईल बंद झालेली असेल.

दावा करायचा असो वा नसो, प्रत्येक पालकाने मुलाचे क्रेडिट गोठवून ठेवावे, म्हणजे त्याच्या नावावर दुसऱ्या कोणाला नवे कर्ज काढणे अवघड होते. २०१८ च्या केंद्रीय कायद्यानुसार सोळा वर्षांखालील मुलासाठी पालकाला इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जनोंदी ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडे हे विनामूल्य करता येते. मुलाची नोंदच नसेल तर संस्थेने ती केवळ गोठवण्यासाठी उघडायची असते. जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि पालकाचे ओळखपत्र यांच्या प्रती पाठवाव्या लागतात, आणि हे काम भारतातूनही टपालाने होऊ शकते. गैरवापर आढळल्यास फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षणाच्या केंद्रीय संस्थेच्या ओळखचोरी संकेतस्थळावर अहवाल नोंदवावा. त्यासाठी गेलेला वेळ तारखेसह वहीत लिहून ठेवावा, टपालाच्या पावत्या ठेवाव्यात. तडजोडीत वेळेचेही पैसे मिळू शकतात ते अशा टिपणांवर.

मंडळांकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत. मराठी शाळेच्या पुढील सत्राआधी त्या-त्या राज्यातील, अशा प्रकरणांत काम केलेल्या वकिलाला बोलावून एक सभा घ्यावी; एका सभेत सर्व राज्यांची मुदत सांगण्याचा प्रयत्न करू नये, त्यातून गोंधळच होईल. सामूहिक दाव्यांसाठी अशील शोधणाऱ्या वकिली कंपन्यांच्या जाहिराती मंडळाच्या स्मरणिकेत किंवा व्हॉट्सॲप गटात मंडळाची शिफारस असल्यासारख्या दिसू नयेत. भारतात परतलेल्या माजी सभासदांचे ईमेल ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्यांना त्यांच्या जुन्या डिस्ट्रिक्टला नवा पत्ता लेखी कळवायला सांगावे. आणि ज्या गावात आपली पन्नास-शंभर घरे आहेत, तेथे दोघा-तिघांनी स्कूल बोर्डाच्या मासिक सभेत नागरिकांसाठी राखलेल्या वेळेत उभे राहून विचारावे की, शाळा सोडून गेलेल्या मुलांची माहिती किती वर्षे ठेवता, ती का ठेवता, आणि कंत्राटदाराशी झालेल्या करारात ती पुसण्याची तारीख कोठे लिहिली आहे. या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही, तर ते अनुत्तरित राहिल्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात करावी असा आग्रह धरावा, कारण पुढे एखाद्या दाव्यात डिस्ट्रिक्टला धोक्याची जाणीव करून दिली होती हे दाखवायला ती उपयोगी पडू शकते.

सभेसाठी विषयांची यादी आणि सूचनापत्र वाचताना कोणत्या जागा पाहाव्यात याचे मराठी टिपण करून द्यायला मी तयार आहे. त्या टिपणाची तपासणी मात्र सभेला येणाऱ्या वकिलाकडून करून घ्यावी आणि मगच ते वाटावे.

आपली नम्र,
एक पालक